सेरिटोस, १९८६ : नकाशावर दिसणारी आणि आकाशात न दिसणारी हद्द

३१ ऑगस्ट १९८६ च्या रविवारी सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी, लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला असलेल्या सेरिटोस या उपनगरावर सुमारे ६,५६० फुटांवर दोन विमाने एकमेकांवर आदळली. एक होते एरोमेक्सिकोचे फ्लाइट ४९८, डीसी-९ जातीचे जेट. मेक्सिको सिटीहून ग्वादालाहारा, लोरेटो आणि तिहुआना असे थांबे घेत ते लॉस एंजेलिसला उतरायला येत होते. दुसरे होते एका खासगी वैमानिकाचे एका इंजिनाचे, चार आसनी पायपर आर्चर. जेटमधले ६४, पायपरमधले ३ आणि जमिनीवरचे १५ असे ८२ जण मरण पावले. आकाश निरभ्र होते, लांबवरचे स्वच्छ दिसत होते. दोन्ही विमानांत काही बिघाड नव्हता. पायपर मात्र परवानगीशिवाय नियंत्रित हवाई हद्दीत शिरलेले होते.

खासगी वैमानिक अनवधानाने अशा हद्दीत शिरतात हे नवे नाही. बहुतेक वेळा त्यातून एक फोन, थोडा पत्रव्यवहार आणि उजळणीचे प्रशिक्षण एवढेच निघते. तरी सेरिटोसचे प्रकरण तपशिलात वाचायला हवे, कारण इथे मूळ चूक फार लहान होती. हद्दीचा तळ ओलांडून पायपर काहीशे फूटच वर गेले होते. या विमानासाठी ती जेमतेम मिनिटभराची चढाई. ती पकडू शकेल अशी एकही गोष्ट त्या सकाळी कामाला आली नाही. वैमानिकाला हद्द दिसत नव्हती, कंट्रोलरला पायपरची उंची दिसत नव्हती, आणि जेटच्या कॉकपिटमध्ये धोका सांगणारे काही बसवलेलेच नव्हते.

हद्दीचा आकार

मोठ्या विमानतळाभोवतीच्या या क्षेत्राला तेव्हा टर्मिनल कंट्रोल एरिया, थोडक्यात टीसीए म्हणत. १६ सप्टेंबर १९९३ पासून अमेरिकेत त्याचे नाव क्लास बी झाले, रेडिओवर ‘ब्राव्हो’. उलटी ठेवलेली उतरंड डोळ्यांसमोर आणली की आकार कळतो. विमानतळाजवळ ही हद्द जमिनीपासून सुरू होते, आणि जसजसे बाहेर जावे तसतसा तिचा तळ टप्प्याटप्प्याने वर सरकतो. या टप्प्यांना वैमानिक ‘शेल्फ’ म्हणतात. शेल्फच्या खालून परवानगीविना उडता येते, आत शिरायला मात्र कंट्रोलरची स्पष्ट परवानगी लागते.

नकाशावर ही हद्द जाड निळ्या रेघेने दाखवतात आणि प्रत्येक टप्प्यात दोन आकडे अपूर्णांकासारखे छापतात. वरचा आकडा माथ्याचा, खालचा तळाचा, दोन्ही शेकडा फुटांत आणि समुद्रसपाटीपासून. १०० खाली ६० असे लिहिले असेल तर हद्द ६,००० पासून १०,००० फुटांपर्यंत. इथे ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द विसरून चालत नाही. डोंगराळ भागात जमिनीपासूनची उंची मनात धरून उडणारा वैमानिक बघता बघता शेल्फमध्ये जातो.

टर्मिनल एरिया चार्टचे प्रमाण १:२,५०,००० असते आणि नेहमीच्या सेक्शनल चार्टचे १:५,००,०००. सेक्शनलवर शेल्फच्या कडा एकमेकींना इतक्या खेटून येतात की उडत्या विमानात, मांडीवर घडी केलेल्या कागदावर त्या वेगळ्या ओळखणे अवघड. क्लास बीच्या आसपास टर्मिनल चार्टच वापरावा.

पायपरचा मार्ग

पायपर टॉरन्सहून ११:४० च्या सुमारास उडाले. जायचे होते पूर्वेकडच्या डोंगरातल्या बिग बेअर सिटीला. नोंदवलेला मार्ग टॉरन्सहून लाँग बीच, तिथून पॅराडाइजचे रेडिओ दिशादर्शक केंद्र आणि मग बिग बेअर. प्रवासाची उंची ९,५०० फूट. दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर बघत उडताना, पूर्वेकडे जाणाऱ्याने विषम हजार अधिक ५०० धरायचे असतात, त्यामुळे ती निवड नियमाला धरूनच होती.

अडचण ९,५०० वर पोचेपर्यंतच्या चढाईत होती. उड्डाणापासून टक्कर होईपर्यंतची बाराएक मिनिटे आणि साडेसहा हजार फूट यांचा हिशोब केला तर चढाईचा सरासरी दर मिनिटाला साडेपाचशे फुटांच्या आसपास येतो. आर्चरसाठी ही अगदी सामान्य चढाई. या वेगाने एका मिनिटात विमान जमिनीवरचे सुमारे दीड नॉटिकल मैल पुढे सरकते. म्हणजे आडवी कड ओलांडायलाही मिनिट पुरते आणि उभी ओलांडायलाही. ज्याने ‘अमुक ठिकाण मागे पडेपर्यंत तमुक उंचीच्या वर जायचे नाही’ असे टप्पे आधी ठरवलेले नाहीत, तो सलग चढत राहतो, कारण विमान हाताला तसेच लागते.

वैमानिकाचा एकूण अनुभव २३१ तासांचा होता आणि लॉस एंजेलिसच्या आकाशात तो तुलनेने नवा होता. सुरुवातीला त्याला उड्डाणात हृदयविकाराचा झटका आला असावा अशी चर्चा झाली, पण तपासात ती टिकली नाही. नेव्हिगेशनमधली साधी चूक यापलीकडचे स्पष्टीकरण शोधावे लागले नाही.

अशा चुका कशा होतात हे या व्यवसायातल्यांना चांगले माहीत आहे. मोठ्या शहरावरून जाताना खुणा ओळखण्यात गल्लत होते. एक महामार्ग दुसऱ्यासारखा दिसतो, आणि त्यावर बेतलेली पुढची सगळी गणिते दोन-तीन मैलांनी सरकतात. हद्दीच्या कडा अनेकदा रेडिओ केंद्रापासूनच्या अंतराने आखलेल्या असतात. अंतर मोजणारे यंत्र नसेल तर ती कड डोळ्याने ठरवावी लागते. उंची दाखवणाऱ्या अल्टीमीटरमध्ये हवेचा स्थानिक दाब नीट लावला नसेल तर पाऱ्याच्या दर ०.१० इंचामागे सुमारे १०० फुटांचा फरक पडतो. ३०.१२ ऐवजी २९.९२ राहिले, तर काटा खऱ्या उंचीपेक्षा सुमारे २०० फूट कमी दाखवतो, आणि शेल्फच्या १०० फूट खाली आहोत असे समजणारा प्रत्यक्षात १०० फूट आत असतो. म्हणून तळाखाली निदान ५०० फूट आणि आडव्या कडेपासून दोन मैल मोकळे ठेवायची सवय चांगली. कडेला घासून उडणे बेकायदा नाही, पण त्यात सावरायला जागा उरत नाही.

कंट्रोलरच्या पडद्यावर

पायपरमध्ये ट्रान्सपाँडर (रडारला रेडिओने उत्तर देणारे उपकरण) होता आणि तो १२०० या सर्वसाधारण कोडवर चालू होता. पण त्याला उंची पाठवणारी जोड, म्हणजे मोड सी नव्हती. रडारच्या पडद्यावर असे विमान कुठे आहे ते कळते, किती उंच आहे ते कळत नाही. त्या भागात टीसीएच्या खालून १२०० चे कोड घेऊन कितीतरी लहान विमाने रीतसर जात असत. हद्दीत शिरलेले एक विमान आणि हद्दीखालून जाणारी बाकीची यांत पडद्यावर काहीच फरक नव्हता.

टक्कर होण्याआधी सावध करणारी संगणकीय सूचना तेव्हाही होती, पण तिला दोन्ही विमानांची उंची लागायची. एकाची उंचीच येत नसल्यामुळे ती वाजणे शक्य नव्हते. पायपरचे चिन्ह आपल्याला दिसले नाही असे कंट्रोलरने सांगितले. रडारच्या नोंदीत मात्र ते होते.

त्याच वेळी ग्रुमन टायगर जातीचे दुसरे एक लहान विमान टीसीएत परवानगीशिवाय शिरले होते. त्याच्या वैमानिकाने स्वतः संपर्क साधला, आणि कंट्रोलर त्याच्याशी बोलण्यात गुंतला. काही सेकंद आधीच त्याने फ्लाइट ४९८ ला वेग १९० नॉटवर आणून ६,००० फुटांपर्यंत उतरायला सांगितले होते. उतरणारे जेट आणि चढणारे पायपर याच टप्प्यात एकत्र आले. हद्द मोडणाऱ्या एका विमानामुळे कंट्रोलरचे लक्ष खर्च झाले आणि हद्द मोडणारे दुसरे निसटले, हा भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो. अशा प्रकारांचा हिशोब आपण नेहमी ‘कोण किती जवळून गेले’ यात मांडतो. तेवढा वेळ कंट्रोलर ज्या बाकीच्या विमानांना देऊ शकला नाही, त्यांची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही.

‘बघा आणि टाळा’ का फसले

उरला शेवटचा उपाय, डोळे. दोन्हीकडच्या वैमानिकांनी बाहेर बघून एकमेकांना टाळावे अशी नियमांची अपेक्षा होती, आजही आहे. पण टक्करीच्या मार्गावर असलेले दुसरे विमान काचेत जागचे हलत नाही. ते एका ठिपक्यासारखे स्थिर राहते आणि शेवटच्या काही सेकंदांत अचानक मोठे होते. आपली नजर हालचाल पकडायला तयार झालेली असते. न हलणारा ठिपका, तोही खाली पसरलेल्या शहराच्या पार्श्वभूमीवर, सहज सुटतो. त्यात काचेची चौकट आड येते. दिसल्यापासून ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांना मिळून सुमारे १२.५ सेकंद लागतात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा, म्हणजे एफएएचा मार्गदर्शक आकडा आहे. क्षितिजाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर किमान सेकंदभर नजर थांबवावी असेही तेच सांगतात. उतरणीची तयारी करणाऱ्या जेटमध्ये किंवा अनोळखी शहरावर खुणा शोधणाऱ्या वैमानिकाकडे ती शिस्त किती वेळ टिकणार?

दोघांपैकी कोणीही टाळण्याची हालचाल केल्याचे दिसले नाही. पायपर जेटच्या शेपटीच्या डाव्या आडव्या पंखावर आदळले. पायपरच्या कॉकपिटचा वरचा भाग कापला गेला. शेपटीचा आडवा पंख गमावलेले डीसी-९ सावरता येण्यासारखे उरले नाही आणि ते वस्तीत कोसळले. पायपर एका शाळेच्या रिकाम्या मैदानात पडले.

दोष कोणाचा ठरला

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने मुख्य कारण म्हणून वैमानिकाचे नाव घेतले नाही. कार्यपद्धती आणि स्वयंचलित साधने या दोन्हींतून विमानांमधले अंतर राखण्यात हवाई वाहतूक नियंत्रण व्यवस्था तोकडी पडली, हे संभाव्य कारण ठरले. पायपरचा अनवधानाने, परवानगीविना झालेला प्रवेश आणि ‘बघा आणि टाळा’ या तत्त्वाच्या मर्यादा या दोन गोष्टी हातभार लावणाऱ्या म्हणून नोंदवल्या. १९८९ मध्ये फेडरल न्यायालयाच्या ज्युरीने एरोमेक्सिकोला निर्दोष ठरवले आणि जबाबदारी अमेरिकी सरकार व पायपरचा वैमानिक यांच्यात समान वाटली.

मंडळाचा हा क्रम मला योग्य वाटतो. चूक वैमानिकाची होती यात शंका नाही. पण माणूस कधीतरी नकाशा चुकीचा वाचणार हे गृहीत धरून जी व्यवस्था उभी करायची, तिच्यात त्याची उंची वाचण्याची सोयच नव्हती.

त्यानंतर काय बदलले

बदल नेमके याच जागी झाले. १ जुलै १९८९ पासून क्लास बीच्या मुख्य विमानतळाभोवती ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात, जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत, उंची पाठवणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला. नकाशावर हे वर्तुळ बारीक किरमिजी रेघेने दाखवतात आणि त्याला ‘मोड सी व्हेल’ (व्हेल म्हणजे बुरखा) म्हणतात. १९८७ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने ३० पेक्षा जास्त आसनांच्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी टीकॅस-२ यंत्रणा सक्तीची केली. तिची अंतिम मुदत पुढे १९९३ अखेर ठरली. १ जानेवारी २०२० पासून याच क्षेत्रात एडीएस-बी आउटही लागते, म्हणजे विमान आपली जागा आणि उंची स्वतःहून सतत प्रसारित करते.

टीकॅसबद्दल एक तपशील नीट समजून घ्यावा. समोरच्या ट्रान्सपाँडरकडून उंची येत असेल तरच ती वैमानिकाला ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असा आदेश देते. उंची नसेल तर ती फक्त जवळ कोणीतरी आहे एवढे सांगते. पायपरचा तो जुना ट्रान्सपाँडर तसाच राहिला असता, तर जेटमध्ये टीकॅस असूनही सुटकेचा आदेश मिळाला नसता. दोन्ही नियम एकमेकांच्या जोरावर चालतात.

हीच चूक आज झाली तर

आपण आत शिरलोय हे लक्षात येताच पहिले काम विमान नीट उडवत राहण्याचे. चढाई थांबवा आणि खाली व बाजूला बघून, जवळच्या कडेकडे शांतपणे बाहेर पडा. नाक खाली घालून झपाट्याने उतरणे चूक, कारण शेल्फखालीच बाकीची लहान विमाने दाटलेली असतात. नकाशावर छापलेल्या अ‍ॅप्रोचच्या (विमानतळाकडे येणाऱ्या विमानांच्या कंट्रोलरच्या) फ्रिक्वेन्सीवर आपली ओळख, जागा आणि उंची सांगा. सापडत नसेल तर आणीबाणीची फ्रिक्वेन्सी १२१.५ आहेच. टायगरच्या वैमानिकाने केले तसे स्वतःहून बोललेले केव्हाही बरे.

ट्रान्सपाँडर कधीही बंद करू नये. घाबरलेल्या माणसाच्या मनात हा विचार येतो हे खरे आहे. पण त्या क्षणी जवळच्या जेटची टीकॅस आंधळी होते, आणि रडारवरची प्राथमिक खूण व आधीची नोंद शिल्लक असल्याने लपत काहीच नाही. उलट अनवधानाची चूक जाणूनबुजून केलेल्या कृत्यात बदलते आणि पुढची सगळी सवलत तिथेच संपते.

कंट्रोलरला उल्लंघन वाटले तर तो रेडिओवर ‘पॉसिबल पायलट डेव्हिएशन’ असे सांगून एक फोन नंबर देतो. या सूचनेला वैमानिक ‘ब्रॅशर वॉर्निंग’ म्हणतात. १९८७ च्या एका एनटीएसबी निकालावरून ते नाव पडले. नंबर लिहून घ्या, रेडिओवर वाद घालू नका, उतरा, इंजिन बंद करा आणि मग फोनचा विचार करा. फोनवर नाव, विमान आणि घडलेले थोडक्यात, खरे तेवढेच सांगावे. अंदाज बांधू नयेत.

त्याच दिवशी कागद जमवा. जीपीएस किंवा टॅबलेटवरील मार्गाची नोंद दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर पुढच्या उड्डाणात ती पुसली जाऊ शकते. लावलेला दाब, वापरलेला नकाशा आणि त्याची आवृत्ती, कोणत्या वेळी कोणाशी बोललो हे लिहून काढा. उंची पाठवणारी जोड, ट्रान्सपाँडर यांची चाचणी दर २४ कॅलेंडर महिन्यांनी लागते. शेवटची तारीख लॉगबुकात बघून ठेवा. काटा एक आकडा दाखवत होता आणि ट्रान्सपाँडर दुसराच पाठवत होता असे निघाले, तर प्रकरणाचे स्वरूपच बदलते.

मग नासाच्या एव्हिएशन सेफ्टी रिपोर्टिंग सिस्टीमकडे दहा दिवसांच्या आत अहवाल. ही व्यवस्था १९७६ पासून चालू आहे. नासा नाव काढून माहिती वापरते आणि ओळखपट्टी शिक्का मारून परत पाठवते. तोच तुमचा पुरावा. चूक अनवधानाची असेल, त्यात गुन्हा किंवा अपघात नसेल आणि आधीच्या पाच वर्षांत तुमच्याविरुद्ध उल्लंघन सिद्ध झालेले नसेल, तर शिक्षा लादली जात नाही. उल्लंघनाची नोंद मात्र होऊ शकते. नोंद आणि शिक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याबाबत बऱ्याच वैमानिकांचा गैरसमज असतो.

पुढे एफएएचा स्थानिक निरीक्षक संपर्क करतो. २०१२ च्या पायलट्स बिल ऑफ राइट्स कायद्यामुळे चौकशी कशाची आहे आणि उत्तर देणे बंधनकारक नाही, हे साधारणपणे लेखी कळवले जाते. २०१५ पासून एफएएचा भर कारण शोधून दुरुस्त करण्यावर आहे. मोकळेपणाने बोलणाऱ्या, प्रशिक्षणाला तयार असलेल्या वैमानिकाचे प्रकरण बहुधा समुपदेशन किंवा प्रशिक्षकासोबतच्या काही तासांवर मिटते. तसे न मिटल्यास परवाना निलंबनाची नोटीस, अनौपचारिक बैठक आणि आदेश निघाल्यापासून २० दिवसांत एनटीएसबीकडे अपील, असा रस्ता आहे.

आज नेहमी दिसणारा एक सापळा १९८६ च्या पायपरहून वेगळा आहे. वैमानिक अ‍ॅप्रोचशी बोलत असतो, रडारवर ओळखला गेलेला असतो, आजूबाजूच्या विमानांची माहिती त्याला मिळत असते, आणि आपल्याला परवानगी आहे असे तो धरून चालतो. क्लास सीमध्ये, म्हणजे मध्यम विमानतळांभोवतीच्या हद्दीत, कंट्रोलरने तुमचे कॉल साइन (विमानाचे रेडिओवरचे नाव) उच्चारून उत्तर दिले की तेवढा संपर्क पुरतो. क्लास बीमध्ये नाही. तिथे ‘क्लिअर्ड इनटू द क्लास ब्राव्हो एअरस्पेस’ हे शब्द स्वतःच्या कॉल साइनसह ऐकू यायला हवेत. ऐकू आले नाहीत तर विचारा, आणि उत्तर येईपर्यंत कडेबाहेर घिरट्या घाला.

आणखी एक जागा अजून उघडी आहे. मुळातच इंजिनावर चालणारी विद्युत व्यवस्था नसलेली जुनी विमाने, ग्लायडर आणि फुगे यांना व्हेलच्या आत, पण क्लास बी व सीच्या बाहेर, ट्रान्सपाँडरशिवाय उडायची सूट आहे. त्यांच्यापैकी कोणी शेल्फचा तळ ओलांडला तर जेटच्या टीकॅसला तो दिसत नाही, आणि कंट्रोलरकडे त्याची उंची नसते. अशा विमानाच्या वैमानिकाने ५०० फुटांच्या अंतरावर समाधान मानू नये. कमी वजनाचे ट्रान्सपाँडर आता बॅटरीवर चालतात. विमानाच्या वजनाच्या हिशोबात बसत असेल तर व्हेलच्या आत उडण्याआधी तो बसवून, उंचीची जोड तपासून घ्यावी.